अर्ध्या तासाचे इंटरनेट

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने ही सेवा आपल्या मुंबईसह काही मोठ्या शहरांत आणली. त्या दिवशी मी सहावीत होते आणि विक्रोळीच्या कन्नमवारनगरमध्ये शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाला उभी होते. आपल्याच शहरात आज काय आले याची आम्हाला गंधवार्ताही नव्हती. असणार तरी कशी? चित्रांसह चालणाऱ्या जोडणीचा दर २५० तासांना १५ हजार रुपये होता. बेस्टमध्ये कंडक्टर असलेल्या माझ्या वडिलांचा तो तीन-चार महिन्यांचा पगार. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांची सवलतीची योजना होती, तीत नुसती अक्षरे दिसत. पण त्यासाठीसुद्धा घरात आधी संगणक हवा, मोडेम हवा, टेलिफोन हवा. हाउसिंग बोर्डाच्या आमच्या इमारतीत टेलिफोन एकच होता, आणि तोही तळमजल्यावरच्या काकांकडे. महिन्यातून एकदा कुणाचा निरोप आला तर ते जिन्यातून हाक मारीत.

आजकाल चाळिशी ओलांडलेली माणसे लहानपणच्या इंटरनेटच्या आठवणी मोठ्या हौसेने सांगतात. मोडेमचा तो किर्र आवाज, फोन उचलला की तुटणारी लाइन, रात्री जागून केलेल्या गप्पा. ऐकायला मलाही आवडते. पण या आठवणी घरात संगणक असलेल्यांच्या आहेत. आमच्याकडे इंटरनेट घरी आले नाही. आम्हीच जिना चढून त्याच्याकडे गेलो, तेही अर्ध्या अर्ध्या तासाने आणि पैसे मोजून. त्यातही मुलगी असली तर जिन्यावर पाय ठेवायच्या आधी घरातल्यांची परवानगी. त्या अर्ध्या तासाविषयी कुणी फारसे लिहिलेले मी वाचले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

टायपिंग क्लासचा जिना

१९९९ च्या मे महिन्यात, नववीची परीक्षा संपल्यावर, वडिलांनी मला टायपिंग क्लासला घातले. त्यांचे म्हणणे सरळ होते. पुढे काही झाले तरी हाताशी टायपिंग असावे. इंग्रजी तीस आणि चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा पास झाली की मुलगी कुठेतरी लिपिक म्हणून लागेल. रेमिंग्टनच्या जड मशीनवर बोटे दुखेपर्यंत आम्ही ए-एस-डी-एफ बडवीत असू. क्लास दुकानांच्या वरच्या मजल्यावर होता. त्याच पावसाळ्यात शेजारच्या खोलीत प्लायवूडचे कप्पे उभे राहिले आणि दारावर पाटी लागली, ‘सायबर कॅफे, एक तास ६० रुपये, अर्धा तास ३० रुपये’.

असे कॅफे त्या वर्षी मुंबईभर भूछत्रांसारखे उगवले. त्याला कारण होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवायला मुभा दिली, विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि दर उतरू लागले. शिवाय सबीर भाटियाची गोष्ट पोरांच्या तोंडी होती. बंगलोरला शिकलेल्या या तरुणाने १९९६ साली अमेरिकेत जोडीदाराबरोबर हॉटमेल काढले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टला सुमारे ४० कोटी डॉलरला विकले. टपाल फुकट वाटून कुणी इतका श्रीमंत कसा होतो, हे आम्हाला काही केल्या कळत नव्हते.

शेजारच्या कॅफेत संगणक पाच आणि टेलिफोनची लाइन एक. कॅफेवाला दादा बी.एस्सी. होऊन बसलेला मुलगा होता. लाइन जोडताना तो हात वर करून सगळ्यांना गप्प करी. मोडेम म्हणजे संगणकाची भाषा आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेतून धाडणारे यंत्र. पलीकडचा मोडेम त्या आवाजाची पुन्हा संगणकाची भाषा करतो. सुरुवातीचा तो किर्र-घर्र आवाज म्हणजे कोणत्या वेगाने बोलायचे हे दोन्ही यंत्रे एकमेकांशी ठरवीत असत. आवाज थांबला की दादा म्हणे, “लागली!” मग पाचही कप्प्यांत माना खाली. सगळा वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला सुमारे सात हजार अक्षरे, आणि तो पाच जणांत वाटलेला. मध्यम आकाराचे एक छायाचित्र उघडायला मिनिटभर सहज लागे.

हे सगळे मला दारातूनच ठाऊक होते. आत जायची हिंमत नव्हती, कारण प्रत्येक कप्प्याला पडदा होता. पडद्याआड काय चालते याच्या गोष्टी वस्तीत तिखटमीठ लावून सांगितल्या जात. माझा मोठा भाऊ मित्रांबरोबर जायचा, तासन्‌तास बसायचा, त्याला कुणी काही विचारले नाही. आमच्या क्लासमधली माझ्याहून वर्षाने मोठी एक मुलगी मात्र एकदा आत गेली आणि तिच्या भावाने तिला तिथून हाताला धरून बाहेर काढले. ती कॉलेजच्या प्रवेशाची माहिती शोधत होती. आधी तिचे टायपिंग बंद झाले, मग कॉलेज राहिले, आणि वर्षाच्या आत तिचे गावाकडे लग्न लागले. टायपिंगमध्ये ती आम्हा सर्वांच्या पुढे होती. तिच्या मशीनवर नंतर मी बसू लागले.

लोकांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. इंटरनेटवरील अश्लील मजकूर मुलांपर्यंत पोहोचू नये म्हणून काय करावे हे सुचविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली समिती नेमली होती. प्रश्न खरा होता. पण वस्तीने त्यावर काढलेले उत्तर एकच होते: मुलींनी जायचे नाही.

“मी बसते तिच्याजवळ”

माझ्यावरही ती वेळ आली. एका शेजाऱ्यांनी वडिलांना सांगितले, “तुमच्या पोरीला त्या कॅफेच्या दारात पाहिलं. आवरा.” वडील ड्युटीवरून आले, बॅग खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “उद्यापासून टायपिंग बंद.” मी रडू लागले. आई साडीला फॉल लावीत बसली होती. तिने सुई खाली ठेवली नाही. ती एवढेच म्हणाली, “अहो, त्या मशीनचा काय गुन्हा?”

रात्री भांडी घासताना तिने मला विचारले, “तिथं नेमकं करतात काय?” मला जेवढे ऐकून ठाऊक होते तेवढे मी सांगितले. तिथून पत्र पाठवता येते, परदेशातसुद्धा, आणि ते त्याच दिवशी पोहोचते. आईचा हात थांबला. माझा मामा तेव्हा मस्कतला फिटर होता. आईच्या पाठचा, तिनेच कडेवर खेळवलेला. त्याचे पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तळमजल्यावरच्या फोनवर तो दोन मिनिटे बोले, आणि त्यातले एक मिनिट हुंदक्यात जाई.

“भाऊला पत्र जाईल?”

“जाईल की.”

“किती वेळात?”

“लगेच.”

आईने हात धुतले आणि बाहेर येऊन वडिलांना सांगितले, “ती जाईल. मी बसते तिच्याजवळ.” वडील काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे होकार नव्हता, पण नकारही नव्हता. आईला तेवढे पुरेसे होते.

गंमत अशी की मामाचा ई-मेल पत्ता मिळवायला महिना लागला, कारण तो साध्या टपालाने मागवावा लागला. त्याच्या कंपनीच्या ऑफिसात एक केरळी बाबू होते, त्यांचा पत्ता त्याने कळवला. सप्टेंबरात एका रविवारी आम्ही मायलेकी जिना चढलो. आईच्या पिशवीत फॉल लावायची साडी, सुई-दोरा आणि रुमालात बांधलेले तीस रुपये. एका साडीच्या फॉलचे तेव्हा दहा रुपये मिळत. म्हणजे आमचा अर्धा तास तीन साड्यांचा होता.

दादाने आतला कप्पा दाखवला. आई म्हणाली, “बाळा, आधी तो पडदा काढ.”

“मावशी, पडदा सगळ्यांना असतो.”

“असू दे. माझी मुलगी इथं तुझ्या टेबलाजवळच्या मशीनवर बसेल. मला एक स्टूल दे. आणि पैसे तिचेच घे, माझे घेऊ नको. मी माझं काम करत बसणार आहे.”

दादा हसला आणि त्याने स्टूल दिले.

त्याने मला एका फुकट सेवेत खाते काढून दिले. पत्र मी घरूनच तयार करून नेले होते. आईने सांगितलेले आधी मराठीत लिहिले, मग तेच इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवले, कारण तिथे बसून विचार करणे परवडण्यासारखे नव्हते. टायपिंग क्लासचा उपयोग तिथे झाला. माझा भाऊ एका बोटाने अक्षरे शोधीत बसे, त्याची पाच वाक्ये होईपर्यंत माझे पानभर पत्र होई. पण वहीत लिहिलेले संपले तरी आईचे संपेना. मागून आवाज येतच राहिला, “लिही, जेवतोस का वेळेवर. लिही, उन्हात टोपी घाल. लिही, अप्पांचा खोकला बरा आहे.” आजूबाजूच्या कप्प्यांतली पोरे हसू लागली. आईला त्याचे काही नव्हते. मी ‘पाठवा’वर बोट ठेवले तेव्हा तिने विचारले, “गेलं?” मी म्हटले, “गेलं.” ती कितीतरी वेळ त्या पडद्याकडे पाहत होती. जाताना दिसले नाही, याचे तिला वाईट वाटले असावे.

पुढच्या रविवारी उत्तर आलेले होते. दादाने त्याचा कागद छापून दिला, पाच रुपयांना. आईने तो घडी करून पोलक्यात ठेवला.

महिन्याभराने वडील ड्युटी आटोपून परस्पर कॅफेच्या दारात येऊन उभे राहिले. आई सांगत होती, मी टाइप करीत होते. ते पाच मिनिटे उभे राहिले आणि निघून गेले. त्या शनिवारी त्यांनी तीस रुपये माझ्या हातात ठेवले. टायपिंग बंद करण्याचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

उरलेली दहा मिनिटे

पान उघडण्यात सात-आठ मिनिटे जात, पत्रात दहा-बारा. उरलेली दहा मिनिटे माझी. माझे लहानपणचे इंटरनेट म्हणजे ही आठवड्याची दहा मिनिटे. काय पाहायचे याची यादी मी आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर करीत असे आणि त्यातले एक-दोनच होई. ज्वालामुखी. पेंग्विन. चंद्रावर उतरलेल्या माणसांचे छायाचित्र. एकदा मी याहूवर ‘विक्रोळी’ टाकून पाहिले, तर कारखान्यांची नावे आली. आमचे मैदान, आमची शाळा, आमचा बाजार यांचा कुठे मागमूस नव्हता. सगळे जग आहे म्हणतात त्या ठिकाणी आपण नाही, याचे त्या वयात फार नवल वाटले.

एकदा यादीत मी कोलंबिया विद्यापीठ लिहिले होते. हे नाव आमच्या घरात अक्षरओळख नसलेल्यांनाही पाठ. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कला तिथे शिकले. विद्यापीठाचे पान उघडले आणि छायाचित्र वरून खाली एकेक पट्टी उतरू लागले. आधी नुसते आकाश. मग घुमट. मग खांबांची रांग. आईने साडी मांडीवर ठेवली. “हीच का ती शाळा?” मी म्हटले, “हो.” खांबांच्या खालचा भाग यायचा होता आणि आमची वेळ संपली. दादाने घड्याळाकडे पाहिले, मग आईकडे पाहिले आणि म्हणाला, “मावशी, येऊ द्या पूर्ण.” पायऱ्या आल्या. लांबच लांब, रुंद पायऱ्या. आई म्हणाली, “एवढ्या पायऱ्या चढून जायचे.” एवढेच. पण घरी जाताना त्या दिवशी तिने मला बाजारात काही घ्यायचे आहे म्हणून मागे ठेवले नाही, अभ्यासाला पुढे पाठवले.

मराठी कुठे होती?

आज मोबाइलवर कुणीही मराठीत लिहितो, त्यामुळे तेव्हाची अडचण मुलांना सांगून पटत नाही. तेव्हा मराठी वर्तमानपत्रांची पाने होती, पण प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तो त्या संगणकात नसेल तर ओळीच्या ओळी विचित्र चिन्हांच्या दिसत. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ सालीच आली होती आणि तीत देवनागरीला जागाही होती. पण साध्या संगणकांवर ती उतरायला बरीच वर्षे गेली. कॅफेत विंडोज ९८ होते, तिथे तिचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

म्हणून आमचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. त्यातून घोटाळे होत. एकदा मामाने लिहिले की पगार वाढला नाही, पण बरा आहे. ‘बरा’ची इंग्रजी अक्षरे बी-ए-आर-ए. मी वाचले, “पगार वाढला नाही, पण बारा आहे.” आई म्हणाली, “बारा काय? बारा हजार?” रात्रभर घरात हिशेब झाले. पुढच्या रविवारी खुलासा मागवला, तेव्हा कळले की नुसताच बरा आहे.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. देवनागरीत छापल्यासारखी दिसणारी मराठी मी संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा वाचली ती त्यानंतर. तोवर संगणकाचे ज्ञान म्हणजे इंग्रजीच, असे आमच्या मनाने घेतले होते. मराठी माध्यमातली कितीतरी हुशार मुले त्या एका समजुतीपायी दारातूनच परत गेली.

आईची बैठक

आमची पत्रे जातात ही बातमी इमारतीत पसरली. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मुलगा जहाजावर. बायका आईकडे येऊ लागल्या, “तुमच्या पोरीला सांगा ना आमचंही लिहायला.” मी एक वही केली. त्यात घरागणिक पान: नाव, पत्ता, गेलेल्या पत्राची तारीख, आलेल्या उत्तराची तारीख. आज मी एका कार्यालयात आवक-जावक नोंदवही सांभाळते. तिची उमेदवारी मी चौदा-पंधराव्या वर्षी तिथे केली.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच झाली. त्या बायकांनी आपल्या मुलीही आईबरोबर पाठवायला सुरुवात केली. “तुम्ही बसता ना, मग आमची काळजी नाही.” २००० सालच्या दिवाळीनंतर आम्ही पाच मुली रविवारी सकाळी जाऊ लागलो. दर उतरले होते, त्यात दादाने आम्हाला अर्ध्या तासाला पंधरा रुपये लावले. पाचही पडदे काढून दाराच्या कडीला बांधले जात आणि आई मध्ये स्टुलावर. तिचे नियम तीन. घरून यादी करून यायचे. दोघी-दोघींनी मिळून बसायचे नाही, ज्याचे पैसे त्याचा हात मशीनवर. आणि खाली उतरल्यावर प्रत्येकीने आज काय पाहिले ते इतरांना सांगायचे. म्हणजे पंधरा रुपयांत पाच जणींचे ज्ञान.

मी एकदा तिला विचारले, “आई, तुला इंग्रजी येत नाही, आम्ही काय बघतो ते तुला कसं कळतं?” चौथीपर्यंत शिकलेली माझी आई म्हणाली, “मी त्या मशीनकडं कुठं बघते? मी तुमची तोंडं बघते.”

त्याचा प्रत्यय एकदा आला. त्या काळी याहूवर गप्पांच्या खोल्या असत. अनोळखी माणसे आत येत आणि पहिला प्रश्न विचारीत: वय, स्त्री की पुरुष, गाव. आमच्यातली एक तिथे शिरली होती. दोन मिनिटांत तिचा चेहरा उतरला आणि ती उठू लागली. आईने सुई टोचून ठेवली आणि विचारले, “काय झालं गं?”

“कुणीतरी घाण लिहिलंय.”

“मग ते बंद कर.”

मुलीने बंद केले आणि पुन्हा उठू लागली. आई म्हणाली, “उठू नको. तू काय केलंस? पैसे भरलेत. बस आणि दुसरं बघ.”

ती बसली. थरथरत्या हाताने तिने परिचारिका प्रशिक्षणाची माहिती शोधली, जी तिच्या यादीत होती. आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. मला वाटते, त्या दिवशी ती उठून गेली असती तर पुन्हा आली नसती. घरी कळले असते तर तिला येऊ दिले नसते. घाण लिहिणारा कुठेतरी मजेत बसला असता आणि शिक्षा हिला झाली असती. “उठू नको” हे दोन शब्द तिला कुठल्याही पुस्तकात मिळाले नसते.

काय उरले

त्या इंटरनेटमधले आता फारसे काही उरले नाही. लाखो लोकांनी आपली घरगुती पाने ज्या जिओसिटीजवर मांडली होती ते ठिकाण २००९ साली बंद झाले. याहूच्या गप्पांच्या खोल्या २०१२ च्या अखेरीस मिटल्या. आमचे ते फुकटचे खाते काही आठवडे उघडले नाही म्हणून बंद पडले आणि मामाची सगळी पत्रे त्याबरोबर गेली. बारावीच्या परीक्षेमुळे त्या दिवसांत जाणे झाले नव्हते. पण आईने पाच-पाच रुपये देऊन छापून घेतलेले कागद तिच्या ट्रंकेत आहेत. शाई फिकी झाली आहे, तरी वाचता येतात. “अशा पत्राचा काय भरवसा, कागद पाहिजे,” असे ती तेव्हा म्हणे आणि आम्ही हसत असू. मामा २००६ साली कायमचा परत आला. आई आता स्वतः व्हिडिओ कॉल लावून त्याच्याशी बोलते.

आम्हा पाच जणींपैकी एक परिचारिका, एक बँकेत, एक शिक्षिका, एकीचे स्वतःचे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे आणि मी लिपिक. ज्या मुलीच्या मशीनवर मी बसू लागले तिची मात्र नंतर कधी भेट झाली नाही.

शेजारी कोण बसते?

आता दिवस पालटले आहेत. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा एवढा स्वस्त झाला की आमचा तीस रुपयांचा अर्धा तास सांगितला तर मुले थट्टा समजतात. तरी वस्तीत काम करताना मला जुनेच प्रश्न नव्या रूपात भेटतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिकवणे मोबाइलवर आले तेव्हा कितीतरी घरांत मोबाइल एकच होता. तो आधी वडिलांबरोबर कामावर जाई, घरी आला की मुलाच्या हाती, आणि मुलीची पाळी स्वयंपाकानंतर. एखाद्या मुलीला कुणी नको ते पाठवले तर आजही पहिला उपाय हाच की तिचा मोबाइल काढून घ्यायचा. पडदे गेले, पण “उठ, घरी चल” तेच राहिले.

दुसरीकडे, ज्यांच्या हाती मोबाइल आहे त्यांच्या शेजारी कुणी नाही. आई मालिकेत, वडील त्यांच्या मोबाइलमध्ये, मूल कोपऱ्यात. त्याचे तोंड कोण बघते?

म्हणून आम्ही काही जणींनी मिळून आमच्या भागात रविवारी सकाळी दोन तास एका खोलीत बसायला सुरुवात केली आहे. शिष्यवृत्तीचे महाडीबीटीचे अर्ज भरणे हे मुख्य काम. मुले-मुली अर्ज भरतात आणि त्यांच्या आयांनी बरोबर यावे असा आमचा आग्रह असतो. सुरुवातीला आया म्हणतात, “ताई, आम्हाला यातलं काय कळतं? आम्ही येऊन काय करू?” मी सांगते, निवडायची मेथी आणा, शिवण आणा, नुसत्या बसा. दोन-तीन रविवारांत त्यांचेच प्रश्न सुरू होतात. ओटीपी म्हणजे काय, तो कुणाला सांगायचा नाही, बँकेच्या नावाने आलेला निरोप खोटा कसा ओळखायचा. मुले आयांना शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतः जपून वागू लागतात. एका मुलीला मागे कुणीतरी तिच्याच छायाचित्रावरून धमकावीत होता. ते तिने या खोलीत, आईच्या कानात सांगितले. आईने आम्हाला सांगितले आणि आम्ही तिघी मिळून पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्या मुलीचा मोबाइल तिच्याकडेच आहे आणि तिचे कॉलेजही चालू आहे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या घरात मूल मोबाइल घेऊन बसते तेव्हा तो हिसकावू नका आणि सोडूनही देऊ नका. रोज अर्धा तास आपले काम हातात घेऊन त्याच्या शेजारी बसा. इंग्रजी येत नसेल तरी बसा. उठताना आज काय पाहिलेस ते विचारा आणि ऐकून घ्या. आणि काही वाईट घडलेच तर मुलीला आधी हे सांगा की, तू काही केलेले नाहीस. बाकी तक्रार, पोलीस, वकील हे सगळे त्यानंतर. आपल्या वस्तीत एखादी रिकामी खोली आणि चार आया मिळाल्या तर पुढच्याच रविवारी सुरुवात करा. खर्च काही नाही, फक्त स्टुले लागतील.